गार होऊ दे, मग भर

फलटणच्या मावशीचा फोन आला, तेव्हाच मी ओळखले की या वेळी सबब चालणार नाही. "पणतीचं बारसं आहे. मी ब्याऐंशीची झाले. आता नाही आलीस, तर पुढं कशाला येशील?" मावशीने सुनावले आणि उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला. दोन दिवसांनी मी इंदूरहून पुण्याच्या गाडीत बसले.

पुण्याहून फलटण सुमारे ११० किलोमीटर. २०१९ साली लोणंद-फलटण रेल्वेमार्ग सुरू झाला आणि २०२१ पासून पुण्याहून थेट गाडीही धावू लागली. पण मला लहानपणची एस.टी.च आठवत होती. स्वारगेटहून निघालेली बस दिवे घाट चढून सासवडला आली, मग जेजुरीचा गड डाव्या-उजव्या हाताला लपाछपी खेळत मागे गेला. नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. हाच रस्ता आषाढात ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा. नीरेच्या पात्रात माउलींच्या पादुकांना स्नान घालतात. पुढे लोणंद, तरडगावजवळचा चांदोबाचा लिंब आणि मग फलटण. लहानपणी हा रस्ता अरुंद होता आणि दोन्ही बाजूंनी झाडे होती. आता तो रुंद पालखी महामार्ग झाला आहे.

दिवस जानेवारीचे, गळीत हंगाम भर रंगात. उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे आमची बस कितीतरी वेळ रेंगाळत होती. त्या ट्रॉल्यांच्या जोडीने एक नवी गोष्ट या खेपेस नजरेत भरली: चकचकीत टँकर. मागच्या बाजूला ज्वालेचे चित्र असलेली लाल चौकट आणि खाली ठळक आकडा, ११७०. शेजारच्या सीटवरच्या शेतकरीदादांना विचारले, तर ते म्हणाले, "इथेनॉल हाय ताई. आमच्या उसाचंच. आता पेट्रोलमधी घालत्यात."

ऊस गोड असतो एवढेच आपल्याला माहीत. तोच ऊस आता गाड्या चालवतो, चूल पेटवू शकतो आणि नीट वागवला नाही, तर घरही पेटवू शकतो, हे मला पुढच्या तीन दिवसांत कळायचे होते.

निंबाळकरांचे गाव

फलटण हे नाईक-निंबाळकरांचे जुने संस्थान. शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी आणि संभाजीराजांच्या मातोश्री सईबाई याच घराण्यातल्या. गावात मुधोजी महाराजांचा राजवाडा आहे, शेजारीच श्रीरामाचे मंदिर आहे. महानुभाव पंथाचे लोक फलटणला दक्षिण काशी मानतात. मार्गशीर्षात रामाचा रथ निघतो, तेव्हा सारा तालुका गावात लोटतो.

खरे तर हा कमी पावसाचा मुलूख. त्याला हिरवा केला तो नीरेच्या उजव्या कालव्याने. कालव्याचे पाणी आले, मागोमाग ऊस आला आणि १९३० च्या दशकात फलटणजवळ साखर कारखाना उभा राहिला. त्याच्याभोवती वसलेल्या वस्तीचे नावच साखरवाडी पडले.

मावशीचा वाडा राममंदिरापासून हाकेच्या अंतरावर आहे. दगडी जोते, लाकडी दिंडी, मधे चौक. चौकात मांडव पडला होता, पाळण्याला झेंडूच्या माळा चढत होत्या आणि माजघरातून घुगऱ्यांचा वास येत होता. मावशी आरामखुर्चीत बसून सगळ्यांवर नजर ठेवून होती. तिच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत सुरकुतलेली, चकाकणारी कातडी आहे. लहानपणी मी त्याबद्दल विचारले, की आई मला डोळ्यांनी दटावत असे.

मांडवातला तो क्षण

बारसे थाटात झाले. बाळाच्या आत्याने कानात नाव सांगितले, बायकांनी तिच्या पाठीत हौसेने धपाटे घातले आणि नाव जाहीर झाले. नाव तसे जुन्या वळणाचे होते. सुनेच्या माहेरच्या मंडळींनी एकमेकींकडे पाहिले. पण ते मावशीने सुचवले होते, तेव्हा कुणी काही बोलले नाही.

दुपारी एकच्या सुमारास पंगतीऐवजी बुफे होता. टेबलांवर स्टीलची मोठी झाकणाची भांडी आणि त्यांच्याखाली अन्न गरम ठेवणारे स्पिरिटचे छोटे दिवे. ऊन मांडवाच्या कडेने थेट टेबलावर आले होते. वाढप्यांतला एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा स्पिरिटचा कॅन घेऊन आला. एक दिवा विझलेला दिसला, म्हणून त्याने कॅनचे झाकण काढले आणि कॅन दिव्यावर कलता केला.

"थांब!"

मावशीचा आवाज सबंध चौकात घुमला. मुलगा जागच्या जागी थबकला. काठी टेकत मावशी पुढे आली.

"दिवा गार झालाय का?"

"विझलाय की आजी. ज्योत कुठं दिसतीय?"

"कॅन आधी लांब ने. झाकण लाव."

मुलाने कॅन चार पावले दूर ठेवला. मावशीने कोपऱ्यातल्या केरसुणीची लांब काडी ओढली आणि दिव्याच्या तोंडावर धरली. काडी भुर्रकन पेटली.

दिवा विझलेला नव्हताच. स्पिरिटची ज्योत फिकट निळी आणि बिनधुराची. भर उन्हात ती डोळ्यांना दिसत नव्हती, इतकेच. कॅनमधली धार त्या ज्योतीवर पडली असती, तर आग धारेवरून उलटी चढून कॅनमध्ये शिरली असती, आणि टेबलाच्या पलीकडे ताट घेऊन पोरेबाळे उभी होती. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला.

"जेवलास का रे?" मावशीने विचारले. त्याने मान हलवली. "आधी जेव. तोवर तो झाकून विझव आणि गार होऊ दे. मग भर."

काकूची गोष्ट

रात्री पाहुणे पांगले. मावशी अंथरुणावर पडली होती, मी पाय चेपत होते. मी काहीच विचारले नाही, तिनेच सांगायला सुरुवात केली.

गोष्ट १९७५ सालची. त्या काळी घरोघरी रॉकेलचे स्टोव्ह. एक पंपाचा, फरफर आवाज करणारा. त्याला काकडा लावायचा, पंप मारायचा, अधूनमधून पिन करायची. दुसरा वातीचा, बिनआवाजी. वातीच्या स्टोव्हवर सकाळचा चहा ठेवला होता आणि मध्येच ज्योत मंदावली. मंडळी कामाला निघायच्या घाईत. मावशीने स्टोव्ह न विझवता, टाकीचे झाकण उघडून रॉकेलची बुधली वाकडी केली. टाकी तापलेली होती. आत साचलेल्या वाफेने पेट घेतला आणि बुधलीच पेटली. हातातली बुधली खाली पडली, रॉकेल फरशीवर पसरले.

धाकटी जाऊ, म्हणजे आमची काकू, चौकात पाणी भरत होती. वय चोवीस. ती धावत आली आणि तिने भरली बादली त्या आगीवर ओतली.

"पाण्यानं आग विझते, हेच आम्हाला ठाऊक," मावशी म्हणाली. "पण रॉकेल पाण्यावर तरंगतं गं. पाणी जिकडं वाहिलं, तिकडं आग वाहिली. तिच्या पायाशी गेली. अंगावर नायलॉनची साडी."

मावशीचा हात भाजला. काकू आठव्या दिवशी गेली.

"तिनं मला वाचवलं, अन् चूक माझी होती," मावशी म्हणाली. "पन्नास वर्षं झाली. घरात तिचं नाव कुणी काढत नाही, मला वाईट वाटेल म्हणून. म्हटलं, आता नाव घरात पुन्हा ऐकू येऊ दे."

तेव्हा मला कळले, पणतीचे नाव जुन्या वळणाचे का होते ते.

मळीतून निघणारे इंधन

मावशीचा नातू, म्हणजे बाळाचा बाप, तालुक्यातल्या एका कारखान्याच्या आसवनीत रसायनतज्ज्ञ आहे. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटले, "तू रोज हेच काम करतोस ना? मला दाखव तरी." तो हसून म्हणाला, "चला आत्या, पण मोबाइल फाटकावर ठेवावा लागेल."

खरोखरच फाटकावर मोबाइल, काडेपेटी, लायटर सगळे काढून घेतात. दारूबंदी खात्याची नजरही इथे असते, कारण आत बनणारी वस्तू म्हणजे शुद्ध मद्यार्क. हवेत मळीचा आंबूस-गोड वास भरून राहिला होता.

साखरेचे दाणे वेगळे काढल्यावर जो काळा, दाट पाक उरतो ती मळी. एक टन उसामागे चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते. तिच्यात पाणी आणि यीस्ट मिसळून मोठ्या टाक्यांत आंबवायचे. यीस्टचे सूक्ष्म जीव साखर खातात आणि मद्यार्क तयार करतात. आंबवलेल्या द्रवात मद्यार्क शेकडा सात ते दहाच्या आसपास असतो. मग उंच मनोऱ्यांमध्ये त्याचे ऊर्ध्वपातन होते. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० अंशांना. त्यामुळे मद्यार्काची वाफ आधी वर चढते. असे करत करत शेकडा पंचाण्णवपर्यंत पोचता येते. त्यापुढचे पाणी नुसत्या उकळण्याने सुटत नाही. त्यासाठी झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाच्या खड्यांतून वाफ नेतात. खडे पाणी शोषून घेतात आणि ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध इथेनॉल हाती येते. एक टन मळीपासून साधारण सव्वादोनशे लिटर. मळीऐवजी थेट उसाच्या रसापासून केले, तर एक टन उसातून सत्तर लिटरच्या आसपास.

"पेट्रोलमध्ये मिसळायचा प्रयोग पहिल्यांदा २००१ साली मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातल्या आंवला इथं झाला," नातू सांगत होता. २००३ साली नऊ राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळणे सुरू झाले. नंतर बरीच वर्षे गाडी रेंगाळली. २०२२ साली देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल काही पंपांवर आले. आता ते सर्वत्र झाले आहे. इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा कमी असते, त्यामुळे एका लिटरमागे गाडी थोडी कमी धावते. पण परदेशातून आणावे लागणारे तेल तेवढे वाचते आणि पैसा उसाच्या शेतापर्यंत येतो.

करोनाच्या साथीत, २०२० साली, अशाच अनेक आसवन्यांनी हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर बनवले. दवाखान्यातले स्पिरिट, अत्तरे, रंग, औषधांचे अर्क या सगळ्यांच्या मुळाशी हाच मद्यार्क.

टँकर भरायच्या जागी मी बराच वेळ उभी राहिले. भरण्याआधी टँकरला एक जाड तार चिमट्याने जोडतात. द्रव नळीतून वाहताना घर्षणाने स्थिर वीज साठते. ती तारेतून जमिनीत गेली नाही, तर ठिणगी उडू शकते. टँकरच्या धुराड्यावर ठिणगी अडवणारी जाळी होती. ११७० या आकड्याचे कोडेही तिथेच उलगडले. जगभर प्रत्येक घातक द्रवाला एक क्रमांक दिलेला आहे. इथेनॉलचा ११७०, पेट्रोलचा १२०३, रॉकेलचा १२२३, डिझेलचा १२०२. टँकर उलटला, तर अग्निशमन दलाला लांबूनच कळावे की आत काय आहे.

"त्यांना कळून फरक काय पडतो?" मी विचारले.

"फार पडतो आत्या. पेट्रोलच्या आगीवर मारायचा साधा फेस इथेनॉलवर टिकत नाही. फेसातलं पाणी इथेनॉल ओढून घेतं आणि फेस फुटतो. त्यासाठी मद्यार्काला टिकणारा वेगळा फेस लागतो. आमच्याकडं तोच भरून ठेवलेला असतो."

अर्धा मद्यार्क, अर्धे पाणी

परतताना त्याने मोटारसायकल एका जागी थांबवून रस्त्यावरूनच एक संस्था दाखवली. निंबकर कृषी संशोधन संस्था. १९६८ साली बनबिहारी निंबकर यांनी ती स्थापन केली. त्यांच्या पत्नी जाई निंबकर लेखिका, इरावती कर्वे यांच्या कन्या. अमेरिकेत पीएच.डी. करून आलेले डॉ. अनिल राजवंशी १९८१ साली या आडगावच्या संस्थेत दाखल झाले आणि इथलेच झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या संस्थेने गोड ज्वारीवर काम केले. या ज्वारीची कणसे माणसांना, ताटातला गोड रस मद्यार्काला आणि चोथा जनावरांना. ऐंशीच्या दशकात इथे त्या रसापासून सूर्याच्या उष्णतेवर मद्यार्क काढण्याचा प्रयोग झाला. पुढे 'नूरी' नावाचा कंदील तयार झाला, आणि मग मावशीने पन्नास वर्षांपूर्वी पाहायला हवी होती अशी एक वस्तू: मद्यार्कावर चालणारा स्टोव्ह. त्याचे वैशिष्ट्य असे, की त्याला शुद्ध मद्यार्क लागत नाही. वजनाने अर्धा मद्यार्क आणि अर्धे पाणी अशा मिश्रणावर तो चालतो. २००७ साली त्यावर शोधनिबंधही प्रसिद्ध झाला.

पाणी मिसळलेले इंधन जळते कसे, असे कुणालाही वाटेल. स्टोव्हमधले मिश्रण दाबाखाली तापलेल्या बर्नरमध्ये जाते, तिथे त्याची वाफ होते आणि वाफ निळ्या ज्योतीने जळते. काजळी नाही, डोळ्यांना झोंबणारा धूर नाही. असा हलका मद्यार्क खेड्यातल्या साध्या भट्टीतही काढता येतो, ही त्यातली खरी गोम.

मग तो घरोघरी का गेला नाही? वाटेत आडवा आला तो कायदा. जे जाळता येते ते पिताही येते, आणि म्हणून मद्यार्क बाळगण्यावर कडक निर्बंध आहेत. ते निर्बंध उगीच नाहीत. २०१५ साली मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. औद्योगिक स्पिरिटमध्ये मुद्दाम विषारी द्रव्ये घालतात, ती पिऊ नये म्हणून. चुलीचे इंधन आणि दारूचा गुत्ता यांमधली रेघ आखणे सरकारला सोपे नाही. दरम्यान २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून खेडोपाडी गॅस पोचला आणि रॉकेलचा स्टोव्ह आपोआप मागे पडला. फलटणची चूल मात्र सांगून गेली, की धूर आणि काजळी हे गरिबाच्या स्वयंपाकघराचे नशीब नव्हे.

प्रत्येक इंधनाचा स्वभाव वेगळा

संध्याकाळी वाड्याच्या चौकात नातू, मावशी आणि मी बसलो होतो. कालचा प्रकार मनातून जात नव्हता. नातवाने समजावून सांगितलेले मी वहीत टिपून घेतले. ते वाचकांच्याही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, द्रव जळत नाही, त्याची वाफ जळते. ज्या तापमानाला ठिणगीने पेटण्याइतकी वाफ द्रवावर साठते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास. म्हणजे काश्मीरच्या थंडीतही पेट्रोलवर पेटती वाफ हजरच असते. इथेनॉलचा साधारण १३ अंश. म्हणजे जानेवारीची पहाट सोडली, तर आपल्याकडे ते वर्षभर पेटायला तयार. अर्धे पाणी घातले, तरी हा अंक २४ च्या आसपासच जातो. तेव्हा 'पाणी घातलेय, भीती नाही' हा समज खोटा. रॉकेलचा किमान ३५ अंश. म्हणून गार रॉकेल सहज भडकत नाही, पण तापलेल्या टाकीतले भडकते. मावशीच्या हातून १९७५ साली जे झाले, त्याचे कारण हेच. रॉकेलमध्ये पेट्रोलची भेसळ असली, तर तेवढाही भरवसा उरत नाही.

दुसरी गोष्ट, या साऱ्या वाफा हवेपेक्षा जड. त्या वर उडून जात नाहीत, जमिनीलगत सरपटत जातात आणि दूरच्या देवघरातल्या निरांजनापर्यंत पोचतात. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळ सीतापुरा इथल्या तेलसाठ्यात तासाहून अधिक काळ पेट्रोल गळत राहिले. त्या वाफेचा ढग पसरला आणि एका क्षणी त्याचा स्फोट झाला. अकरा माणसे गेली आणि आग सुमारे अकरा दिवस जळत होती.

तिसरी गोष्ट पाण्याची. रॉकेल, पेट्रोल, डिझेल पाण्यावर तरंगतात. त्यांच्या आगीवर पाणी ओतले, की आग पसरते. इथेनॉल मात्र पाण्यात पूर्ण मिसळते. त्याच्या छोट्या आगीवर भरपूर पाणी घातले, तर ते पातळ होऊन विझते. मात्र थोडेसे पाणी पुरत नाही. आणि पेटले ते नेमके काय, हे गडबडीत कळतेच असे नाही. म्हणून घरात सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे हवा तोडणे. भांड्यावर धातूचे झाकण सरकवावे, सांडलेल्या इंधनावर वाळू किंवा माती टाकावी.

मावशी इतका वेळ गप्प ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे तिनं पाणी टाकलं नसतं तर..."

कुणी काही बोलले नाही. मग नातू हळूच म्हणाला, "तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आजी. चूक तिची नाही, अन् तुझीही नाही."

मावशीने नुसता हात वर केला, पण मला वाटते तिला बरे वाटले.

घरात एवढे सांभाळा

स्पिरिट, पेट्रोल, रॉकेल काहीही असो. पेटत्या किंवा गरम दिव्यात, स्टोव्हमध्ये, शेगडीत कधी भरू नका. ज्योत दिसत नाही म्हणजे ती नाही, असे समजू नका. होळी किंवा ओली शेकोटी पेटवण्यासाठी बाटलीतून स्पिरिट वा पेट्रोल ओतू नका. धारेवरून आग हातातल्या बाटलीत शिरते.

पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत इंधन भरून ठेवू नका. घरातली लहान मुले ते पितात, मोठी माणसे पाणी समजून वापरतात. इंधन घट्ट झाकणाच्या, नाव लिहिलेल्या डब्यात, स्वयंपाकघर आणि देवघरापासून दूर आणि थोडेच ठेवा. सॅनिटायझर हाताला चोळल्यावर हात पूर्ण कोरडे होईपर्यंत गॅस, समई, उदबत्तीजवळ जाऊ नका. पंपावर पेट्रोल भरताना इंजिन बंद ठेवा आणि गाडीवरून खाली उतरा. उलटलेल्या टँकरमधले तेल भरून घ्यायला धावू नका. २०१७ साली पाकिस्तानात अहमदपूर शर्किया इथे असेच तेल गोळा करणाऱ्या दोनशेहून अधिक लोकांचा जळून मृत्यू झाला.

आगीजवळ काम करताना अंगावर सुती कपडे असावेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटते. कपड्यांनी पेट घेतला, तर धावू नका; जमिनीवर पडून लोळा, किंवा जाड सुती चादरीत गुंडाळा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप काही लावू नका. मग दवाखाना गाठा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, आगीसाठी १०१.

काकवीची बाटली

तिसऱ्या दिवशी मी निघाले. मावशीने पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि काकवीची एक बाटली घातली. "उसाचीच आहे हो ही पण," ती डोळे मिचकावत म्हणाली. "हिला काडी लावलीस, तरी पेटायची नाही."

नातू मला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडायला आला. वाटेत पेट्रोल भरायचे होते. पंपावर मी उतरून बाजूला उभी राहिले, त्यानेही इंजिन बंद केले. पंपावरच्या पाटीवर वीस टक्के इथेनॉल असल्याचे लिहिले होते. त्यातला थोडा अंश कदाचित समोरून डुलत चाललेल्या ट्रॉलीसारख्याच कुठल्यातरी ट्रॉलीतून आलेला असेल.

तेवढ्यात कालचा तो वाढपी मुलगा सायकलवरून जाताना दिसला. आम्हाला पाहून थांबला.

"आजींना सांगा," तो नातवाला म्हणाला, "आज साखरवाडीला जेवण होतं. मालक घाई करत होते. मी म्हटलं, दिवा आधी गार होऊ दे."

बस सुटली. कालव्याच्या पाण्यावर ऊन चमकत होते, दुतर्फा ऊस डोलत होता. मी मावशीला फोन लावून मुलाचा निरोप सांगितला. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग पाळण्याच्या कड्यांचा आवाज आला आणि मावशी बाळाला नावाने हाक मारताना ऐकू आली.